अंदाजापासून वाटीपर्यंत : सीमाभागातील पाकलेखनाचा पूर्वेतिहास

बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पूर्वी चिकोडी आणि आता निपाणी तालुक्यात मोडणारे बोरगाव हे दूधगंगेच्या खोऱ्यातील गाव राज्याच्या दृष्टीने कर्नाटकात असले, तरी बाजार, सोयरीक आणि यंत्रमागाच्या धंद्यामुळे त्याचा रोजचा व्यवहार इचलकरंजीशी अधिक आहे. ऊस, तंबाखू आणि जोंधळा यांवर उभ्या असलेल्या या टापूत खाण्यापिण्याची रीत समृद्ध आहे. पण छापील मराठी पाकलेखनात, म्हणजे पदार्थांच्या कृती, त्यांचे प्रसंग आणि त्यांच्या आठवणी यांविषयीच्या लेखनात, या टापूची नोंद तुरळकच आढळते. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा येतो आणि बेळगावचा कुंदा येतो, पण या दोन शहरांमधल्या गावांचे ताट सहसा येत नाही. अशा गावातील एखादी बाई किंवा विद्यार्थिनी पदार्थावर पहिल्यांदा चार ओळी लिहायला बसते तेव्हा तिला जो संकोच वाटतो, तो सहसा तिच्या स्वभावावर किंवा शिक्षणाच्या कमतरतेवर ढकलला जातो. हे निदान अपुरे आहे. अन्नाविषयी लिहिण्याचा अधिकार कोणाचा मानला गेला आणि हाताला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर आणण्याचे साधन कधी उपलब्ध झाले, या दोन प्रश्नांच्या इतिहासात त्या संकोचाचे मूळ शोधावे लागते.

या प्रदेशात अन्नावर लिहिण्याची परंपरा मुळीच नवी नाही. बेळगावसह मोठा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता, त्या काळात दुसऱ्या चावुंडरायाने इ.स. 1025 च्या सुमारास ‘लोकोपकार’ हा कन्नड ग्रंथ रचला आणि शेती, पाणी, पशुवैद्यक अशा उपयुक्त विषयांबरोबर त्यात पाकक्रियेलाही जागा दिली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी त्याच घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वर राजाच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. राजाने कोणकोणते भोग कसे घ्यावेत हे सांगणाऱ्या या ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण असून, आजही बेळगावात लग्नाकार्याच्या ताटात मान असलेल्या मांड्यांचे पूर्वरूप त्यात ‘मंडक’ या नावाने आले आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिसरा मंगरस या जैन कवीने कन्नड पद्यात ‘सूपशास्त्र’ लिहिले, आणि ते धर्माला अनुसरून पूर्णपणे शाकाहारी आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने रघुनाथ नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला, आणि त्याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात राजाच्या मुदपाकखान्यातील कृतींचे मराठी टिपण तयार झाले.

ही यादी भारदस्त आहे. मात्र तिच्यातील लेखक पाहिले तर त्यांत राजा, दरबारी पंडित आणि कवी भेटतात, चुलीपुढे बसणारी व्यक्ती भेटत नाही. स्वयंपाकी तिथे असतो तो ज्याच्या कौशल्याचे वर्णन करायचे अशा सेवकाच्या रूपात, आणि घरातली स्त्री तर तेवढ्यापुरतीही येत नाही. मंडकाची कणीक हातावर ताणून पसरावी आणि तापलेल्या पालथ्या खापरावर भाजावी असे लिहिणाऱ्याला कणीक किती सैल हवी हे सांगण्याची गरज वाटत नाही, कारण त्याचा वाचक ते करून पाहणार नसतो. हे वर्णन ऐश्वर्याचा दाखला म्हणून केलेले असते. ज्याला पदार्थ करायचा आहे अशा वाचकासाठी लिहिणे ही कल्पना या प्रदेशात खूप उशिरा आली, आणि नवशिक्या लेखिकेचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथूनच सुरू होतो.

तोपर्यंत ज्ञान होते ते हातात आणि बोलण्यात. सीमाभागातील गावांत पावसाळ्याच्या तोंडाशी, ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या कर्नाटकी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, पुरणाचे कडबू होतात. लग्नाच्या किंवा जत्रेच्या पंगतीला खपली गव्हाची खीर होते, जिला कन्नड बोलणारी घरे हुग्गी म्हणतात. थंडीत हुलग्याचे गूळ घातलेले माडगे होते. यांपैकी खिरीचीच कृती पाहिली तरी लिहिणाऱ्याची अडचण ध्यानात येते. खपली हा कोंड्याला घट्ट चिकटलेला गहू असल्यामुळे तो आधी पाण्याचा हात लावून ओलसर करावा लागतो, उखळात कांडावा लागतो, पाखडून कोंडा उडवावा लागतो, आणि मग दाणा फुटेपर्यंत शिजवून त्यात गूळ, खोबरे आणि खसखस पडते. पाण्याचा हात म्हणजे किती पाणी, कांडण थांबवायचे केव्हा, दाणा फुटला हे ओळखायचे कसे, या सर्व गोष्टी सासूच्या शेजारी बसून डोळ्यांनी घ्यायच्या असतात. मराठी घरांत या ज्ञानाला ‘अंदाज’ म्हणतात. अंदाज हा मोघमपणा नव्हे. ते अत्यंत काटेकोर ज्ञान असते, फक्त ते आकड्यांत साठवलेले नसते. ज्या बाईला ते अवगत असते तिला विचारले की ‘अंदाजानं घालायचं’ एवढेच उत्तर मिळते, आणि या उत्तरामुळे तिचे कौशल्य तिच्या स्वतःच्याच नजरेत लिहिण्यालायक राहत नाही.

बोरगाव आणि त्याच्या शेजारच्या गावांत जैन समाज मोठा आहे आणि या समाजाची मुळे या जिल्ह्यात खोल आहेत. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जिनमंदिर सौंदत्तीच्या रट्टांच्या कारकिर्दीत इ.स. 1204 मध्ये उभे राहिले, विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेचे पुनरुज्जीवन करणारे आचार्य शांतिसागर हे जवळच्याच भोज गावचे, आणि दक्षिण भारत जैन सभेची स्थापना 1899 मध्ये निपाणीजवळच्या स्तवनिधी या क्षेत्रावर झाली. या समाजाच्या स्वयंपाकघरात अंदाजाच्या जोडीला एक वेगळी शिस्त दिसते, आणि पाकलेखनाच्या इतिहासकाराने तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. व्रती घरांत, विशेषतः मुनींना आहार देण्यासाठी मांडलेल्या ‘चौक्यात’, म्हणजे शुद्धीचे नियम पाळून मांडलेल्या स्वयंपाकाच्या जागेत, प्रत्येक जिन्नसाला ‘मर्यादा’ असते. दळलेले पीठ पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसच चालते. गाळलेले पाणी एका मुहूर्तापुरते, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांपुरते, आणि नीट उकळलेले पाणी चोवीस तासांपुरते शुद्ध मानले जाते. कच्च्या दुधाचे दही आणि दोन दलांची कडधान्ये एकत्र येऊ नयेत म्हणून ‘द्विदल’ वर्ज्य ठरते. कंदमुळे वर्ज्य असतात आणि जेवण सूर्यास्तापूर्वी उरकते. मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने आणि ओंजळीत आहार घेत असल्यामुळे वाढणाऱ्या बाईला घास लहान, मऊ आणि योग्य उष्णतेचा ठेवावा लागतो. म्हणजे आकडे, ऋतू आणि कारण यांसह अन्नाचा विचार करण्याची सवय या घरांतल्या स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या होती. ती सवय धर्माच्या नावे नोंदली गेली, त्यांच्या नावे नोंदली गेली नाही, इतकेच. पीठ कोणत्या ऋतूत किती दिवस टिकते हे सांगणारी बाई स्वतःला अशिक्षित समजत राहिली, ही या इतिहासातील एक विसंगती आहे.

छपाई आल्यावर पहिली पावले पुरुषांनीच टाकली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 मध्ये प्रसिद्ध झाले आणि आरंभीच्या छापील मराठी पाकग्रंथांत त्याची गणना होते; मंगरसाच्या ग्रंथाशी असलेले नावाचे साम्य जुन्या शास्त्रपरंपरेचा दबदबा किती टिकून होता हे दाखवते. बेळगावात सार्वजनिक वाचनालय 1848 मध्येच सुरू झाले असल्याने जिल्ह्यात मराठी पुस्तके येत होती, पण ती गावाकडच्या बाईपर्यंत पोचण्याचा मार्ग लांब होता. स्त्रीच्या लेखणीतून आलेले पहिले मोठे पाकपुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे 1910 चे पुस्तक होय. त्याच वर्षी रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे. घरातील स्त्रीचा अनुभव छापण्यायोग्य आहे हे मराठी वाचकाला एकाच वर्षी दोन निरनिराळ्या वाटांनी पटवून दिले जात होते. त्याच सुमारास मुलींना शाळेत काय शिकवावे यावर पुण्यात जुना वाद चालू होता आणि स्त्रीशिक्षणाच्या विरोधकांसाठी ‘स्वयंपाक’ हे मुलींना इतर विषयांपासून दूर ठेवण्याचे निमित्त होते. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाने नकळत या वादाची बाजू उलटवली, कारण स्वयंपाक येणारी बाई एक हजार कृती सुसंगत भाषेत लिहू शकते हे त्यातून सिद्ध झाले.

तरीही या पुस्तकांपुढे मापाची अडचण उभी होती. त्या काळची वजने शेर, अच्छेर, पावशेर, छटाक आणि तोळा अशी होती. धान्य मात्र वजनाने नव्हे, तर आकारमानाने मोजले जाई आणि त्यासाठी पायली, शेर, मापटे, चिपटे, कोळवे, निळवे अशी उतरती मापे होती. चार शेरांची पायली, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चिपट्याची दोन कोळवी, कोळव्याची दोन निळवी, हा हिशेब गावातल्या प्रत्येक बाईला पाठ असे. परंतु शेर सगळीकडे एकाच आकाराचा नव्हता. प्रांतागणिक, संस्थानागणिक आणि कधीकधी पेठेगणिक तो बदलत असे. कोल्हापूर संस्थान, सांगली-मिरज-कुरुंदवाडच्या पटवर्धनांची संस्थाने आणि ब्रिटिशांचा बेळगाव जिल्हा ज्या टापूत एकमेकांत गुंतले होते, तिथे मुंबईत छापलेल्या पुस्तकातला शेर आपल्या शेराशी जुळेल याची खात्री कोणीच देऊ शकत नव्हते. पुस्तक वाचून केलेला पदार्थ बिघडला की दोष वाचणारीच्या हाताला लागे, मापाला कोणी दोष देत नसे.

या पार्श्वभूमीवर 1956 ते 1962 ही वर्षे सीमाभागासाठी विलक्षण ठरली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि मराठी बोलणाऱ्या गावांतील कचेरीची भाषा बदलू लागली. त्यावरचा लढा सर्वज्ञात आहे. पण त्याच सुमारास घराच्या पातळीवर आणखी एक उलथापालथ होत होती, जिची चर्चा सीमाप्रश्नाच्या इतिहासात क्वचितच होते. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि आणा-पैचा हिशेब मोडीत निघाला. 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आणि लिटर बाजारात आले आणि पुढच्या काही वर्षांत शेर, तोळा बेकायदा ठरले. ज्या बाईने चिपटे-कोळव्याने डाळ मोजली, तिच्या हयातीतच तिच्या राज्याचे नाव, तिच्या बाजाराचे नाणे आणि तिच्या धान्याचे माप अशा तिन्ही गोष्टी पाच-सहा वर्षांत पालटल्या. जुन्या वह्यांतील कृती, जिथे अशा वह्या होत्या तिथे, सुनेला वाचता येत असूनही करता येईनात. पाकलेखनाच्या दृष्टीने ही मोठी पडझड होती.

या पडझडीतून मार्ग निघाला तो सरकारी किलोग्रॅममुळे नव्हे, तर स्वयंपाकघरातल्या साध्या वाटीमुळे, आणि ती कथा बेळगावातूनच सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे तिथेच शेतीची अवजारे बनवायला आरंभ केला. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर 1910 मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडल गावालगतच्या माळावर त्यांनी कारखाना आणि वसाहत उभी केली, तीच किर्लोस्करवाडी. नांगर बनवणाऱ्या या वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ आणि 1930 मध्ये ‘स्त्री’ हे मासिक सुरू केले. ‘स्त्री’ने विवाह, शिक्षण, नोकरी यांवर जेवढे धीट लेखन छापले तेवढेच घरगुती विषयांनाही स्थान दिले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नाव नसलेल्या, पदवी नसलेल्या बायकांचे लेखन मासिकात येऊ शकते ही भावना तिने रुजवली. ‘स्त्री’ची वाचक असणे आणि ‘स्त्री’ला काही पाठवणे यांतले अंतर कमी होत गेले.

ज्या कुंडलच्या माळावर ही वाडी वसली, त्याच कुंडलात 1913 मध्ये कमलाबाई ओगले यांचा जन्म झाला. त्यांचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतच झाले होते. स्वयंपाक त्या लग्नानंतर सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या, म्हणजे अंदाजाच्याच शाळेत शिकल्या. 1970 मध्ये किर्लोस्कर प्रकाशनाने त्यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध केले, त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि कमलाबाईंना ‘एक लाख सुनांची सासू’ हे बिरुद मिळाले. चौथी शिकलेल्या बाईने मराठीतील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांपैकी एक लिहावे, हे नवशिक्या लेखिकेच्या दृष्टीने कोणत्याही प्रोत्साहनपर भाषणापेक्षा मोलाचे उदाहरण आहे. परंतु त्यामागचे तंत्र समजून घेतले नाही तर ते नुसते कौतुकाचे निमित्त उरते.

ते तंत्र असे. ‘रुचिरा’त माप दिले आहे ते वाटीने आणि चमच्याने. वाटी घरोघरी वेगळ्या आकाराची असते, त्यामुळे वरवर पाहता हे माप शेराइतकेच अनिश्चित वाटते. पण एका वाटी रव्याला दोन वाट्या पाणी असे सांगितले की वाटीचा आकार निरर्थक होतो, कारण सांगितलेली गोष्ट परिमाण नसून प्रमाण असते, म्हणजे दोन जिनसांचे परस्परांशी असलेले नाते असते. पुण्यातली वाटी आणि बोरगावातली वाटी यांत फरक असला तरी शिरा दोन्हीकडे सारखाच होतो. शेर बदलला, किलो आला, राज्य बदलले, तरी वाटीने लिहिलेली कृती त्यातून सुटली. शिवाय वाटी हे माप सरकारने दिलेले नव्हते, ते बाईच्या स्वतःच्या मांडणीवरचे होते. ज्याला आपण अंदाज म्हणतो तो मुळात प्रमाणच असतो हे वाटीने दाखवून दिले. सुगरण डोळ्यांनी जे ठरवत आली तेच वाटीने बोलून दाखवले, आणि म्हणून सुगरणीला आपले ज्ञान लिहिताना स्वतःशी अप्रामाणिक व्हावे लागले नाही. मराठी पाकलेखनातील खरी क्रांती कोणती असे विचारले, तर नवनवीन पदार्थांपेक्षा या बदलाकडेच बोट दाखवावे लागेल.

अर्थात वाटीने प्रमाण सांगता येते, वेळ सांगता येत नाही. जळणाच्या चुलीवर, रॉकेलच्या स्टोव्हवर आणि गॅसवर मिनिटांचा हिशेब वेगवेगळा होतो, म्हणून वेळेसाठी मराठी स्वयंपाकघरांनी खुणा राखून ठेवल्या आहेत: पाकाला तार येणे, मिश्रणाने कडा सोडणे, मसाल्याला तेल सुटणे, रव्याचा वास खमंग होणे, भाकरीला पदर सुटणे. या खुणांची भाषा बाहेरून आणावी लागत नाही, ती बोलण्यातच असते, आणि इथेच नवशिकी लेखिका पुष्कळदा चुकते, कारण लेखन म्हणजे बोलण्याहून वेगळे काहीतरी अशा समजुतीने ती ‘सोनेरी रंग येईपर्यंत परतावे’ यासारखी सर्व पुस्तकांत सापडणारी वाक्ये उसनी घेते आणि स्वतःच्या घरातली खूण गाळून टाकते. खपली गव्हाच्या खिरीत दाण्याचे पोट फुटून आतला पांढरा भाग दिसू लागला की गूळ घालावा, कारण त्याआधी गूळ पडला तर दाणा पुढे शिजत नाही, हे वाक्य ज्या बाईने खीर रांधली आहे तिलाच लिहिता येते. कारणासह आलेली खूण हा लेखिकेच्या अधिकाराचा सर्वांत भक्कम पुरावा असतो.

या अधिकाराचे प्रशिक्षण जिथे झाले त्या जागाही नोंदवल्या पाहिजेत. पहिली जागा म्हणजे वही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकलेल्या मुलींच्या रुखवतात किंवा ट्रंकेत पाककृतींची वही असणे ही सर्वसाधारण गोष्ट झाली, आणि तिच्यात कृतीसमोर ज्या व्यक्तीकडून ती घेतली तिचे नाव लिहिण्याची प्रथा होती: मावशींचे लोणचे, शेजारच्या काकूंची चकली. विद्वान ज्याला आधार देणे म्हणतात तेच ही वही करत होती. दुसरी जागा म्हणजे पाककलेचे वर्ग, जे सांगली, कोल्हापूर, बेळगाव अशा शहरांत मध्यमवर्गीय वस्त्यांतून चालू लागले. तिथे शिकवणाऱ्या बाईला प्रथमच आपला अंदाज अनोळखी मुलींना समजेल अशा क्रमाने मांडावा लागे, आणि लिहून घेणाऱ्या मुलीला ऐकलेले वाक्य कृतीच्या ओळीत बदलावे लागे. तिसरी जागा अनपेक्षित म्हणजे भिंतीवरची. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’च्या पानांमागे पाककृती येऊ लागल्या आणि पुढे ‘पाकनिर्णय’ स्पर्धेतून वाचकांच्या कृतींना तिथे जागा मिळाली. दिनदर्शिकेच्या पाठीवर जागा थोडी असते. तिथे मावण्यासाठी प्रस्तावना, आलंकारिकता आणि संकोच तिन्ही कापावे लागतात. सीमाभागातील ज्या घरात एकही मराठी पुस्तक नसे, तिथेही हे पान वर्षभर डोळ्यांसमोर लटकत असे, आणि मराठी पाकलेखनाचा खरा सार्वत्रिक प्रसार पुस्तकाने केला की खिळ्याला टांगलेल्या दिनदर्शिकेने, हा प्रश्न वाङ्मयेतिहासकारांनी अजून पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही.

मात्र वाटी आणि वही यांचा हा इतिहास सर्वांचा नाही. ज्या घरांत मोजायला पुरेसे धान्यच नव्हते, त्या घरांतील लेखनापुढे अडचण मापाची नव्हती, लाजेची होती. मेलेल्या जनावराचे मांस, शिळे तुकडे, रानातला पाला खाऊन दिवस काढलेल्या समाजाला आपले अन्न हे अन्न म्हणून सांगणेच अवघड होते, कारण पाकपुस्तकांच्या जगात त्याला नाव नव्हते. दलित आत्मकथनांनी हे मौन तोडले. फलटणच्या बेबी कांबळे यांनी किराणा मालाच्या आपल्या दुकानात बसून, सामान बांधायला आणलेल्या जुन्या वर्तमानपत्रांचे वाचन करत लेखनाची गोडी लावून घेतली आणि आपले लिखाण घरच्यांपासून अनेक वर्षे लपवून ठेवले. ‘जिणं आमुचं’ 1986 मध्ये पुस्तकरूपाने आले तेव्हा त्यात भुकेचे आणि अन्नाचे तपशील एखाद्या इतिहासकाराच्या नेमकेपणाने आलेले दिसले. पुढे 2009 मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने दलितांच्या अन्नस्मृती आणि अन्नाचा इतिहास यांवर एक पुस्तिका तयार झाली, जी वर्गातील अध्यापनातून आणि विद्यार्थ्यांच्या सहभागातून आकाराला आली. अन्नलेखनाचा वर्ग म्हणून महाराष्ट्रात जे काही घडले त्यात या प्रयोगाचे स्थान वरचे मानावे लागेल. त्यात शैलीचे धडे दुय्यम होते, आणि आपल्या घरात काय शिजत होते, ते कोणाच्या वाट्याला किती येत होते, शाळेच्या डब्यात ते न्यायला का लाज वाटत होती, असे प्रश्न मुख्य होते. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 च्या पुस्तकाने मराठवाड्यातील मांग आणि महार समाजांच्या खाद्यपरंपरेच्या कृती दिल्या, आणि शीर्षकातच नेहमीच्या वचनाला नकार दिला.

हा दुसरा प्रवाह निपाणी-बोरगाव टापूला पहिल्याइतकाच, कदाचित अधिक, लागू पडतो. तंबाखूच्या वखारी आणि विड्यांच्या धंद्यावर इथल्या हजारो स्त्रियांनी आयुष्य काढले. दिवसभर सुपात पाने आणि तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या बाईची चूल पहाटे आणि रात्री पेटे, आणि तंबाखूचा कडवट दर्प बोटांना राहत असल्यामुळे पीठ मळण्यापूर्वी हात धुणे हेच एक वेगळे काम असे. निपाणीचे कथाकार महादेव मोरे, जे पिठाची गिरणी चालवता चालवता लिहीत राहिले, त्यांनी या कष्टकरी जगाला मराठी कथेत आणले. गिरणीत दळण घेऊन येणाऱ्यांचे बोलणे हे त्यांच्या भाषेचे भांडवल होते. त्यांचे उदाहरण पाकलेखनाच्या क्षेत्रात कोणी गिरवले असते, तर कोणत्या घरातून जोंधळा येतो, कोणत्या घरातून बरबडा म्हणजे बारीक कचवट धान्य येते, आणि सणाच्या आदल्या दिवशी हरभऱ्याच्या डाळीसाठी रांग कशी लागते, एवढ्या नोंदींवरूनही गावाचा अन्नेतिहास लिहिता आला असता.

सीमाभागातील लेखनाला गावपातळीवरचे व्यासपीठ मिळाले ते ग्रामीण साहित्य संमेलनांमुळे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी आणि बोरगावच्या शेजारचे कारदगा अशा गावांतून भरणारी ही संमेलने भाषेच्या लढ्यातून जन्मली असली, तरी पहिल्यांदा मंचावर उभे राहणाऱ्या कवीला आणि कथाकाराला ती हक्काची वाटत आली आहेत. ग्रंथदिंडी, परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन असा त्यांचा ठरलेला क्रम असतो आणि दुपारचे जेवण हा त्या क्रमातील भाग असतो. हे जेवण रांधणाऱ्या स्त्रिया आणि मंचावर वाचणारे लेखक यांच्यातील अंतर मांडवाच्या एका कनातीएवढेच असते. हुग्गी म्हणावे की खीर, कडबू लिहावे की कडबो, द्विदल वर्ज्य असलेल्या घरातील कढीची कृती कोणत्या शब्दांत द्यावी, चिपट्या-कोळव्यांत लिहिलेली आजीची ओळ वाटीत कशी उतरवावी, हे प्रश्न भाषेचेच आहेत आणि त्यांची उत्तरे ज्यांच्याजवळ आहेत त्या कनातीच्या आतल्या बाजूला बसलेल्या असतात. त्यांतल्या काही जणी जैन घरांतल्या मर्यादांचे आकडे तोंडपाठ सांगू शकतात, काही जणी पंगतीच्या माणसांवरून गव्हाचा हिशेब मनात करतात आणि तो चुकत नाही, आणि विचारल्यास बहुतेकींचे उत्तर अजूनही अंदाजानं असेच येते. फरक इतकाच की आता त्या उत्तरानंतर ‘म्हणजे किती वाट्या’ हा प्रश्न विचारणारी नात बहुधा शेजारी बसलेली असते आणि तिच्या हातात वही किंवा मोबाइल असतो.